मेहरुनची गोष्ट कुणाची?

गोष्टी-सिनेमातली मुसलमान बाई आठवून बघा. बहुतेक वेळा नुसता बुरखा दिसतो, नाही तर तलाकच्या भीतीने रडणारी बिचारी. तिचं स्वतःचं म्हणणं काय, हे कुणी विचारत नाही. आज ते विचारणाऱ्या एका लेखिकेविषयी बोलू.

बानू मुश्ताक कर्नाटकातल्या हासनच्या. पेशाने वकील, लिहितात कन्नडमध्ये. त्यांच्या १२ कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेल्या. 'हार्ट लॅम्प', म्हणजे काळजातला दिवा, या त्या पुस्तकाला २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला.

त्यातली मेहरुन बघा. नवरा दुसरीच्या नादी लागला, म्हणून तान्ह्या लेकराला घेऊन ती माहेरी येते. भाऊ घराण्याच्या अब्रूचं सांगतात आणि तिला सासरी परत पोचवतात. रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. तेव्हा थोरली लेक सलमा तान्ह्याला घेऊन धावत येते, आईला विनवते. मेहरुन थांबते. मैत्रिणींनो, 'दिल्या घरी सुखी राहा' असं कुठल्या जातीधर्मात सांगत नाहीत?

दुसरी अशरफ. मुलीच झाल्या म्हणून नवऱ्याने टाकलेली. लेक आजारी पडते, तेव्हा ती मुतवल्लीकडे, म्हणजे मशिदीच्या कारभाऱ्याकडे दाद मागते. ती धर्म सोडत नाही. बायको-मुलांना पोसणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे, असं तिचा धर्मच सांगतो आणि ती तेवढंच मागते. दाद मिळत नाही, लेक दगावते. मग मोहल्ल्यातल्या बायकाच मुतवल्लीला शिव्याशाप देतात.

या बाया मुसलमान आहेतच. शिवाय त्या कुणाच्या आया, कुणाच्या लेकी, कुणाच्या शेजारणी आहेत. रागावतात, टोमणे मारतात, चुकतातही. म्हणून त्या खऱ्या वाटतात.

एक मात्र सांभाळा. अशी गोष्ट ऐकून "त्यांच्यात असंच असतं" म्हणणं सोपं असतं. तसं म्हटलं की आपल्या घरातलं झाकून जातं आणि शेजारची बहीण दुरावते.

गटाच्या पुढच्या बैठकीत मेहरुनची गोष्ट सांगा. मुसलमान बहीण असेल, तर साऱ्या समाजाचा जाब तिला विचारू नका. सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न घ्या: आपल्या गल्लीतली लेक रात्री माहेरी परत आली, तर आपण दार उघडू का?