दोन महासत्ता आणि आपण
पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत रशियाचं शीतयुद्ध ऐन भरात होतं. आपण दोघांकडूनही घेत होतो. पवईच्या आयआयटीला (१९५८) सोव्हिएत मदत, ओझरच्या कारखान्यात मिग-२१ विमानं. तारापूरच्या अणुभट्ट्या (१९६९) मात्र अमेरिकन. रेशनचा गहूही अमेरिकेच्या पीएल-४८० करारातला. दुष्काळातली ती लाल ‘मिलो’ ज्वारी आठवली, की मराठवाड्यातली जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. खरी गंमत तारापूरची. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं इंधनाला आडकाठी घातली, पुढं फ्रान्सनं ते पुरवलं. आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर, २००१ मध्ये, त्याच अमेरिकन भट्ट्यांसाठी इंधन आलं ते रशियातून!