दमा, उंदीर आणि एक विकर

आपल्या शरीरातील रासायनिक क्रियांना गती देणाऱ्या प्रथिनांना विकरे, म्हणजेच एन्झाइम, असे म्हणतात. अशाच एका विकराचा अ‍ॅलर्जीजन्य दम्याशी असलेला संबंध वाचकांपुढे मांडण्याचा येथे माझा प्रयत्न आहे.

झुरळांचे व धुळीतील माइट नावाच्या सूक्ष्म जीवांचे कवच, तसेच बुरशीची पेशीभित्ती, यांत कायटिन हा चिवट पदार्थ असतो. लिंबायतच्या दाट वस्तीत, जेथे एकाच खोलीत अख्खे कुटुंब राहते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेथे या तिन्हींची वाण नाही. मानवी शरीर कायटिन तयार करीत नाही. मात्र त्याचे विघटन करणारे आम्लीय कायटिनेज हे विकर आपल्याजवळ आहे.

उंदरांना निसर्गतः दमा होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत त्यांच्यात अंड्यातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी निर्माण करतात. २००४ साली येल विद्यापीठातील डॉ. जॅक इलायस व सहकाऱ्यांना अशा उंदरांच्या फुप्फुसांत हे विकर वाढलेले आढळले. त्यामागे इंटरल्युकिन-१३ ची प्रेरणा होती. विकराला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये देताच श्वासनलिकांची सूज उतरली. साहजिकच दम्याचा अपराधी सापडला, असे अनेकांना वाटले. २००८ मध्ये दिल्लीतील संशोधकांनीही या विकराच्या जनुकाचा भारतीय रुग्णांतील दम्याशी संबंध दाखविला.

पुढे चित्र पालटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हे विकर मुळातच नसलेल्या उंदरांनाही अ‍ॅलर्जीची सूज तेवढीच आली. २०१७ मध्ये तर सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, विकराअभावी उंदरांच्या श्वसनमार्गात कायटिन साचत जाते आणि वाढत्या वयात फुप्फुसे तंतुमय होतात. ज्याला अपराधी ठरविले, तो सफाई करणाराही होता! आगीच्या जागी बंबवाले दिसले म्हणून आग त्यांनी लावली, असे होत नाही.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. नव्या संशोधनाची बातमी वाचून 'आता गोळी येणार' या आशेवर, किंवा 'पंपाची सवय लागते' या भीतीने, औषध सोडणारे रुग्ण मी पाहतो. त्यांची सूज मात्र थांबत नाही, आणि एखाद्या रात्री ती प्राणावर बेतू शकते. उंदरांवरील निष्कर्ष दिशा दाखवितो. उपचार ठरतो तो माणसांवरील चाचण्यांतून. त्या कसोटीला उतरलेले औषध म्हणजे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड होय. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनीही २०१९ पासून सांगितले आहे.

तेव्हा घरातील ओल व झुरळे हटवावीत, अंथरुणे स्वच्छ ठेवावीत, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पंप बंद करू नये, एवढीच सर्वांना नम्र विनंती.