अंगाला लवकर लागणाऱ्या घोड्याचा खुराक



गाई-बैलांच्या खाद्याविषयी आपण नेहमी बोलतो. घोड्याविषयी बोलणे कमीच होते. पण आपल्याकडे घोड्यावर पोट असलेली घरे थोडीथोडकी नाहीत. लग्नाच्या वरातीला घोडी देणारे आहेत, माथेरान-महाबळेश्वरला प्रवाशांना फिरवणारे आहेत, मेंढरांबरोबर तट्टावर बिऱ्हाड लादून रानोमाळ हिंडणारे धनगर बांधव आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत मिरवण्यासाठी वर्षभर जनावर जपणारे हौशी शेतकरीही आहेत.

या सगळ्यांकडे कधी ना कधी असा एखादा घोडा येतो, की ज्याला मूठभर घातले तरी अंगाला लागते. मालकाला प्रथम कौतुक वाटते. पाठीवर पन्हळ पडली, अंग तुकतुकीत झाले, म्हणून चार माणसे वाखाणतात. मग बाजारातून आणखी एखादे ‘ताकदीचे’ पूरक खाद्य येते आणि तोबऱ्यात पडते. नुकसानीला सुरुवात होते ती येथूनच.

असे का होते?

आपली दख्खनी तट्टे कोरडवाहू माळावर, काटक वैरणीवर पोसलेली. थोड्या चाऱ्यातून पुष्कळ ऊर्जा काढून ती चरबीच्या रूपाने साठवायची, हा त्यांचा स्वभाव. दुष्काळात तो गुण ठरतो. भरल्या गव्हाणीपाशी तोच अंगाशी येतो. त्यात पावसाळा आला की वराती थांबतात, काम थांबते, बांधावर लुसलुशीत गवत वाढते आणि चंदी मात्र हंगामातलीच चालू राहते.

आमच्या भागातील एका कुटुंबाच्या वरातीच्या घोडीचे असेच झाले. हंगाम संपला तरी हरभरा, कोंडा आणि गूळ चालूच होता. शिवाय दिवसभर बांधावर मोकळे चरणे. श्रावणात घोडी पुढचे पाय टाकेना. वेळीच उपचार झाले म्हणून ती वाचली, पण पुढचा लग्नाचा हंगाम दावणीलाच गेला. त्या घराची मिळकत त्याच चार महिन्यांची होती.

या दुखण्यात खुराच्या आतल्या नाजूक थराचा दाह होतो. जादा चरबी, गोड गवत आणि दाण्यातील पिष्ट ही त्याची मोठी कारणे आहेत. खूर गरम लागतो, घोडा सारखा पाय बदलतो किंवा भार मागे टाकून उभा राहतो. असे दिसताच दाणा आणि चरणे बंद करावे, मऊ वाळूवर उभे करावे, खुरांवर गार पाण्याचा मारा करावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. चालवून पाहू नये.

चरबी हाताने ओळखा

डोळ्याला फसगत होते, हाताला होत नाही. बरगड्यांवरून तळवा फिरवा. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या दाबाने लागाव्यात. दाबूनही लागत नसतील तर घोडा जाड आहे. आयाळीखाली मानेवर टणक वळी उठली असेल तर विशेष सावध व्हा.

वजनाचा अंदाज शिंप्याच्या टेपनेही काढता येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सर्व सेंटीमीटरमध्ये, आणि त्यास ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो येते. दर पंधरा दिवसांनी आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

आधी वैरण मोजा

अशा घोड्याला १०० किलो वजनामागे दीड किलो कोरडे अन्न पुरते. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतोच, म्हणून ३१२ किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे सव्वापाच किलो गवत द्यावे. ते तीन-चार वेळा विभागून घाला, कारण घोड्याचे जठर लहान असते आणि रिकामे पोट त्याला मानवत नाही. गवत तासभर पाण्यात भिजवून, पाणी फेकून घातले तर त्यातील साखर कमी होते. उन्हाळ्यात जास्त वेळ भिजवू नका, ते आंबते.

चरायला सोडायचे तर पहाटे, थोडाच वेळ. दिवसा उन्हात गवतात साखर साठते, रात्री ती खर्ची पडते. मळणीत बैलाला बांधतो तशी मुसकी, तळाला लहान भोक ठेवून, घोड्यालाही बांधता येते; थोडे गवत आणि पाणी मिळाले म्हणजे झाले. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये.

लवकर बारीक व्हावा म्हणून उपाशी ठेवणे हा तर घातक मार्ग आहे. जाड तट्टू उपाशी राहिले तर अंगातील चरबी रक्तात उतरते आणि जिवावर बेतते. शंभर किलोमागे सव्वा किलोच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

मग पूरक काय द्यायचे?

दाणा बंद केला की ऊर्जा कमी होते, तेच आपल्याला हवे आहे. पण दाण्याबरोबर क्षार आणि प्रथिनेही कमी होतात. तेवढीच उणीव भरून काढायची; किलोने नव्हे, ग्रॅमने.

मीठ : ३०० किलोच्या घोड्याला रोज १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. घाम गाळणारे काम असेल तर ३० ते ५० ग्रॅम. पाणी नेहमी समोर असावे.

कॅल्शियम आणि स्फुरद : याच घोड्याची गरज रोज सुमारे १२ ग्रॅम कॅल्शियम आणि साडेआठ ग्रॅम स्फुरद. कॅल्शियम नेहमी स्फुरदापेक्षा जास्त हवे. गव्हाच्या कोंड्यात नेमके उलटे असते. स्फुरद कॅल्शियमच्या कितीतरी पट. रोज कोंडा खाणाऱ्या घोड्याची चेहऱ्याची हाडे फुगतात, तो लंगडतो. उसाचे वाढे आणि नेपियर गवत यांतील ऑक्झलेटही कॅल्शियम अडवून धरते. म्हणून मुख्य वैरण साधे वाळलेले गवत असावे.

प्रथिने : सुकवलेला लसूणघास अर्धा किलो द्यावा आणि तेवढे गवत वजा करावे. त्यातून प्रथिने तर मिळतातच, शिवाय सुमारे सहा ग्रॅम कॅल्शियमही मिळते.

तांबे आणि जस्त : रोजची गरज सुमारे ६० मिलिग्रॅम तांबे आणि २४० मिलिग्रॅम जस्त. काही भाग वैरणीतून येतो, उरलेला क्षार मिश्रणातून द्यावा. पाकिटावर तांबे ०.१ टक्का लिहिले असेल तर ३० ग्रॅम मिश्रणातून ३० मिलिग्रॅम मिळते. हा हिशेब करूनच पाकीट घ्या. घोड्यासाठीचे मिश्रण मिळाले तर उत्तम. गाईचे वापरायचे झाल्यास आधी डॉक्टरांना दाखवा. दोन मिश्रणे एकत्र करू नका. सेलेनियम अगदी अल्प लागते आणि जादा झाले तर विषारी ठरते.

ई जीवनसत्त्व : गवत वाळले की ते बरेचसे नष्ट होते. म्हणून पहाटे कापलेले किलो-दोन किलो हिरवे गवत रोज द्यावे. हे सारे मूठभर भिजवलेल्या वैरणीत कालवून घातले की काम झाले. त्यासाठी पाटीभर चंदी लागत नाही.

काय टाळावे?

गूळ, काकवी, तेल, तूप आणि वजन वाढवणारी पावडर घालू नये. पाकिटावर मळी पहिल्या एक-दोन घटकांत असेल तर ते परत करा. लोहाचे टॉनिक बहुधा लागतच नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा : कोंबडीखाद्य घोड्याच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्यात मोनेन्सिनसारखे औषध असू शकते. कोंबडीला ते चालते. घोड्याचे हृदय मात्र त्याच्या थोड्या मात्रेनेही निकामी होते. मोनेन्सिन गुरांच्या काही खाद्यांतही घालतात, म्हणून तीही तपासूनच घ्या.

घरच्या माउलींना आणि मुलांना एक विनंती. सणाची पुरणपोळी, उरलेली भाकरी, नैवेद्याचा घास मायेने घोड्यापुढे धरला जातो. प्रत्येकाचा एक-एक घास मिळून किलोभर होतो. माया दाखवायचीच तर खरारा हातात घ्या, नाहीतर खूर चांगले असतील तर रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालवून आणा. ते त्याला चंदीपेक्षा जास्त मानवेल.

वजन हळूहळू उतरू द्या; दोन-तीन महिने लागले तरी चालतील. हे काम पावसाळ्यातच हाती घ्या, म्हणजे तुळशीचे लग्न लागून वराती सुरू होईपर्यंत घोडा चारही पायांवर भक्कम उभा असेल.