शाळा सुटली की आत कोण शिरणार?

मुलांनो, शाळा सुटल्याची घंटा झाली की वर्गाच्या दारातून उलट आत शिरून बघा. जमतं का? बाहेर पडणारी पोरं तुम्हाला ढकलत परत व्हरांड्यात आणून सोडतात! हीच युक्ती एका महागड्या पंपाला वाचवते.

संगणकाची चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर अतिशय बारीक खाचा कोराव्या लागतात. तिथे छिन्नीचं काम नाही. बंद पेटीतली जवळजवळ सगळी हवा काढून टाकतात आणि क्लोरीनसारख्या वायूकडून खाचा कोरून घेतात. पेटीतली हवा आणि वापरलेला वायू ओढून घेतो तो टर्बोमॉलेक्युलर पंप. नाव लांबलचक, पण आत असतात नुसती पात्यांची चक्रं. मिनिटाला तीस-तीस, साठ-साठ हजार फेरे!

सायकलच्या चाकाचा आस उघडलात तर ग्रीसमध्ये माखलेले छर्रे दिसतील. तेच बेअरिंग. यातल्या पुष्कळ पंपांचा आसही अशाच छर्‍यांवर फिरतो. पण सिलिकॉन खाणारा वायू ग्रीस आणि पोलाद थोडंच सोडणार? त्यात जरा ओल मिळाली की आम्लच तयार होतं. छर्रे खरखरीत झाले की चक्र डळमळतं, आणि त्या वेगात पाती कडेला घासली तर पंपाचा चक्काचूर!

म्हणून बेअरिंगच्या कप्प्यात बारीक नळीनं कोरडा नायट्रोजन सोडतात. लहान पंपाला मिनिटाला पन्नासेक मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहाएवढा. तो आसाभोवतीच्या फटीतून सतत बाहेर पडत राहतो, आणि आत येऊ पाहणाऱ्या क्लोरीनला समोरून गर्दीच गर्दी!

मला आधी वाटलं, वायू उपसणाऱ्या पंपातच वायू भरायचा, हा काय वेडेपणा? पण हा नायट्रोजन पात्यांच्या पलीकडे, बाहेर जाण्याच्या वाटेवर सोडतात. पाती वायूला एकाच दिशेनं ढकलतात, त्यामुळे तो पेटीत जवळपास जातच नाही. पुढचा दुसरा पंप त्याला वापरलेल्या वायूबरोबर ओढून नेतो.

साधी हवा का नाही सोडत? हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो की! पण उरलेल्यात ऑक्सिजन आणि दमटपणा असतो, तो घात करतो. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की ते सहसा कुणाशी संयोग करत नाहीत.

क्लोरीन यायच्या आधीच नायट्रोजन सुरू करतात, आणि क्लोरीन बंद झाल्यावरही तो बराच वेळ चालू ठेवतात. नाहीतर कोपऱ्यात उरलेल्या क्लोरीनला पंप उघडताना दमट हवा भेटायची!