शेवाळाचं खातं

शेवाळ म्हटलं, की कोकणी माणसाला आधी आठवतं ते घसरून पडणं. विहिरीचा काठ, चिऱ्याची पायरी, पावसाळ्यात सगळीकडे त्याचाच हिरवा ताबा! पण हेच शेवाळ आपल्या मालवणच्या समुद्राची राखण करील, असं कोणी सांगितलं तर?

उमेदीची वर्षं बँकेत पीककर्जाच्या फायलींत गेल्यामुळे मला सगळीकडे जमा-खर्च दिसतो. युरियाची ४५ किलोंची गोणी घ्या. त्यात ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंहून थोडं अधिक नत्र. कुणग्यात खत फेकलं आणि वर आषाढसर कोसळली, की त्यातलं बरंचसं व्हाळातून कर्ली-गडनदीच्या खाडीत आणि तिथून समुद्रात. तिथे शेवाळ माजतं, मरून कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. १९८७ साली इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य झाला. तिथल्या प्रवाळांवर शेवाळ चढलं, तर त्यांचं ऊनच अडतं.

शास्त्रज्ञांनी मग या चोरालाच राखणदार नेमलं! अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात युक्ती काढली. उतरता, उथळ पाट, तळाला जाळी, जाळीवर शेवाळ. वरून पाणी लाटेसारखं सोडायचं. शेवाळ नत्र-स्फुरद शोषून वाढतं. ते ठरावीक दिवसांनी खरवडून काढायचं. बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात गोठ्यातल्या शेणामुताच्या पाण्यावर वाढवलेलं शेवाळ वाळवून रोपांना घातलं, आणि ते खत म्हणून लागूही पडलं. बुडीत मुद्दल वसूल!

खरी मेख आहे ती खरवडण्यात. काढलं नाही, तर शेवाळ तिथेच कुजून घेतलेलं सगळं पाण्याला परत करतं.

आपली दुसरी अडचण म्हणजे पाऊस. खत वाहतं ते नेमकं आभाळ झाकलेलं असताना, व्हाळ दुथडी भरलेले असताना. त्या लोंढ्याला पाट पुरा पडणार नाही. तेव्हा पावसाळ्यात खत शेतातच रोखावं. चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. ती सहजी वाहून जात नाही. शेवाळाचे पाट राखावेत ते उघडिपीच्या दिवसांसाठी : वायंगणी शेती, गोठे आणि कोळंबीचे तलाव यांच्या पाण्याला.

आपल्याकडे शेतकरी आणि रापणकर एकाच गावात, कधी तर एकाच घरात नांदतात. एकाच्या बांधावरून निसटलेला पैसा दुसऱ्याची मासळी मारणार असेल, तर हा हिशेब दोघांनी एकाच पानावर मांडायला हवा.