आराम पडला, पण कशामुळे?

दिवाळी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीला जोर येतो. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचे. संध्याकाळी गुडघे धरतात. मग कुणी हळदीची कॅप्सूल सुचवते, कुणी ग्लुकोसामाइन. महिन्या-दोन महिन्यांत दुखणे उतरते आणि श्रेय गोळीला जाते. पण तोवर वेचणीही संपलेली असते. शिवाय माणूस उपाय शोधतो तो दुखणे टोकाला गेल्यावर, आणि टोकाचे दुखणे पुष्कळदा आपोआपही ओसरते. म्हणूनच गोळीचा गुण पारखण्याची एक रीत ठरलेली आहे.

आधी दुखणे कशाचे ते ठरवावे लागते. गुडघ्याची झीज वेगळी, आमवात वेगळा. याच जिल्ह्यातल्या पांढरकवडा परिसरात तर भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर त्यानेही हाडे-सांधे दुखतात. असे सगळे रुग्ण एकत्र घेतले, तर निकालाला अर्थ उरत नाही.

मग रुग्णांचे गट पाडायचे, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाच्या मर्जीने नव्हे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी अशीच एक चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध केली. गुडघ्याची झीज झालेले 90 रुग्ण आणि 32 आठवडे. एका गटाला अश्वगंधा, सालईचा डिंक, सुंठ आणि हळद यांपासून केलेले औषध. दुसऱ्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो.

कुणाला काय मिळाले, हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. हळदीच्या बाबतीत हे जिकिरीचे असते. कॅप्सूल फुटून बोटे पिवळी झाली की गुपित संपले.

दुखणे मोजायला 10 सेंटीमीटरची रेघ असते. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्याला ‘असह्य’. रुग्णाने आपली खूण करायची. जोडीला जिना चढण्यासारख्या कामांचे प्रश्न असतात. पुण्याच्या प्रश्नावलीत आपल्याकडच्या सवयीप्रमाणे उकिडवे बसणेही आले.

शेवटी तुलना. 32 आठवड्यांनंतर औषधाच्या गटात दुखणे सरासरी 2.8 ने उतरले, प्लासिबोच्या गटात 1.8 ने. औषधाची स्वतःची कमाई या दोहोंतला फरक, म्हणजे सुमारे 1. दुसरा गट नसता, तर सगळे 2.8 त्याच्याच नावावर जमा झाले असते.

अमेरिकेत 2006 मध्ये ग्लुकोसामाइनची अशीच परीक्षा झाली, 1583 रुग्णांवर. ते घेणाऱ्या 64 टक्के लोकांचे दुखणे किमान पाचव्या हिश्शाने कमी झाले. प्लासिबो घेणाऱ्यांतही 60 टक्क्यांचे झाले. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

गुणाबरोबर अपायही तपासावा लागतो. डॉ. चोप्रांच्या चमूने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 440 रुग्णांच्या चाचणीत आयुर्वेदिक औषधे वेदनाशामक गोळीच्या तोडीस तोड ठरली. पण ती घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताचे एसजीपीटी हे विकर (एन्झाइम) वाढले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. रक्त तपासले नसते, तर हे कळलेच नसते.

ग्लुकोसामाइनसारख्या सप्लिमेंटच्या डबीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो. त्याचा अर्थ दुखणे थांबल्याचा पुरावा आहे असा नव्हे. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचनाही त्याच डबीवर असते. म्हणून मजुरीचे पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: माझे दुखणे नेमके कशाचे, या गोळीची प्लासिबोशी तुलना झाली आहे का, आणि माझ्या चालू औषधांसोबत ती चालेल का?