अर्ध्या कमानीचे दिवस

5 एप्रिल 2021 च्या आदल्या दिवसापर्यंत जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब नदीच्या घळीवर कमान नव्हतीच. बक्कलच्या आणि कौरीच्या काठावरून निघालेले दोन पोलादी बाहू होते, आणि त्यांच्यामध्ये 5.6 मीटरची फट. 5 एप्रिलला शेवटचा तुकडा वरून दोरावरून आला, जागी बसला आणि 467 मीटर गाळ्याची कमान पुरी झाली.

या रेल्वेपुलाबद्दल लिहिताना प्रत्येक जण आधी उंची सांगतो. नदीच्या तळापासून 359 मीटर, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा सुमारे 30 मीटर जास्त. आकडा मोठा आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण पोलादी बांधकामाचा कस मला दुसरीकडे दिसतो. पुरी झालेली कमान शहाणी असते. वरचा सगळा भार ती दाबाच्या रूपाने दोन्ही पायथ्यांकडे पोचवते आणि जितकी दाबली जाईल तितकी घट्ट बसते. अर्ध्या कमानीत यातलं काहीच नसतं. ती काठावरून दरीत झेपावलेला एक लांब, जड, वाकू पाहणारा हात असते. पुढचा प्रत्येक तुकडा जोडला की तिच्यातले ताण बदलतात. काल जो भाग दाबाखाली होता तो आज ओढला जातो. म्हणजे अभियंत्याला एका पुलाचं गणित करून भागत नाही. जितके टप्पे, तितक्या रचना, आणि त्यातली प्रत्येक वाऱ्यापावसात आपल्या पायावर टिकली पाहिजे. चिनाबवर नोव्हेंबर 2017 ते एप्रिल 2021 असा सुमारे साडेतीन वर्षांचा हा काळ आहे. मला या पुलाचा सगळ्यात मोठा पराक्रम तोच वाटतो.

हे काम करवून घेणारी संस्था आपल्या ओळखीची आहे. बेलापूरला मुख्यालय असलेलं कोकण रेल्वे महामंडळ. 1990 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने रोहा ते मंगळूर हा मार्ग बांधला आणि 26 जानेवारी 1998 रोजी तो सबंध खुला झाला. त्या मार्गावर रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 424 मीटर लांब आणि 64 मीटर उंच पूल आहे. तो काँक्रीटचा. पण त्याची तुळई एका काठावर तुकड्यातुकड्याने तयार करून जॅकने खांबांवरून पुढे ढकलत नेली होती. भारतात ही पद्धत तिथे पहिल्यांदा वापरली गेली. पुढे उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला या 272 किलोमीटरच्या मार्गातला कटरा-बनिहाल हा सर्वांत अवघड टप्पा उभारताना चिनाबच्या पुलाची जबाबदारी कोकण रेल्वेकडे आली, तेव्हा दरडी, ठिसूळ बोगदे आणि खोल दऱ्या या गोष्टी तिला नव्या नव्हत्या. प्रत्यक्ष बांधणी मुंबईच्या अ‍ॅफकॉन्सने भागीदारांसह केली, कमानीच्या आराखड्यात जर्मनीच्या लिओनहार्ट, आन्ड्रे उंड पार्टनर या संस्थेचा आणि पुलाच्या एकूण आराखड्यात फिनलंडच्या अभियंत्यांचा वाटा होता.

कमानच का आणि पोलादाचीच का? घळीच्या तळातून खांब उभारणं अशक्य, म्हणून मधला गाळा एका झेपेत पार करणं भाग होतं. झुलता पूल एवढं अंतर सहज ओलांडतो, पण तो लवचीक. जड मालगाडी वरून जाताना रुळांना जो ताठपणा लागतो तो त्यात आणणं महाग पडतं. उरली कमान. पूल सर्वाधिक तीव्रतेच्या क्षेत्रातला भूकंप सोसेल असा आखायचा होता, आणि भूकंपात वस्तुमान जितकं जास्त तितका धक्का मोठा. काँक्रीटपेक्षा हलकी रचना हवी. शिवाय जे काही उभारायचं ते डोंगरी रस्त्याने आणता आलं पाहिजे. सुरुवातीला तर रस्ताही नव्हता. साहित्य खेचरांच्या पाठीवरून गेलं, मग प्रकल्पाने स्वतःचे रस्ते खोदले.

रस्ते झाले तरी त्या वळणांवरून कमानीचे अवाढव्य पेटीसारखे भाग आणता येईनात. त्यामुळे कारखानाच डोंगरावर गेला. काठांवर शेड उभ्या राहिल्या, पोलादाच्या सपाट प्लेटी तिथे पोचल्या, आणि कापणं, वाकवणं, वेल्डिंग, रंग हे सारं जागेवरच झालं. पुलात 28 हजार टनांहून अधिक पोलाद आहे आणि वेल्डिंगच्या सांध्यांची एकूण लांबी पाचशे किलोमीटरच्या वर जाते. मुंबईहून निघालेला माणूस एवढ्या अंतरात गोव्याच्या सीमेशी पोचेल. हे सगळं अंतर माणसांनी तोंडावर काच धरून, इलेक्ट्रोडच्या ठिणगीमागून, इंचाइंचाने कापलं आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण वेल्डिंगच्या सांध्यापायी पोलादी बांधकामाने एकदा जबर किंमत मोजली आहे. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ नावाचं कोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, काही ध्यानीमनी नसताना कडाडून दुभंगलं. वादळ नव्हतं, टक्कर नव्हती. युद्धाच्या घाईत रिवेट सोडून वेल्डिंगने बांधलेल्या इतर अनेक जहाजांनाही तडे गेले. केंब्रिजमधल्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी त्याचं मूळ शोधलं: विशिष्ट तापमानाखाली ते पोलाद आपला चिवटपणा गमावून काचेसारखं वागत होतं. रिवेटच्या जहाजात तडा प्लेटीच्या कडेपर्यंत जाऊन थांबतो. वेल्डिंगने सारं जहाज एकसंध झालेलं, त्यामुळे तड्याला थांबायला कड उरली नव्हती. योगायोग असा की त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 3 फेब्रुवारी 1943 रोजी, कोलकात्याचा हावडा पूल सुरू झाला. 26,500 टन पोलादाचा आणि सबंध रिवेटांनी जोडलेला.

चिनाबच्या काठी हिवाळा कडक असतो. म्हणून तिथलं पोलाद निवडताना बळाइतकाच चिवटपणा पाहिला गेला. भारतीय मानकात प्रतीच्या शेवटी ‘सी’ असलेलं पोलाद म्हणजे उणे 20 अंश सेल्सिअसला आघाताची चाचणी दिलेलं. नमुन्यात मुद्दाम खाच पाडायची, तो गार करायचा आणि लंबकाच्या एका घावाने तोडायचा. तुटताना त्याने किती ऊर्जा शोषली ते मोजायचं. सांध्यांची तपासणी प्रकल्पावरच्याच प्रयोगशाळेत, अनेक कोनांतून ध्वनिलहरी आत सोडणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्राने झाली. सांध्याच्या पोटात केसाएवढी पोकळी असली तरी ती पडद्यावर उमटते, आणि मग तेवढा भाग खरवडून पुन्हा भरायचा. मी काही काळ फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वावरलो आहे. चांगला वेल्डर आपला सांधा खरवडला जाताना पाहतो तेव्हा त्याचा चेहरा पडतो, हे मला ठाऊक आहे. त्या डोंगरावरच्या वेल्डरांबद्दल मला म्हणूनच फार आदर वाटतो. शेडमधलं जोडकाम वेल्डिंगचं आणि दरीवर लटकून करायचं जोडकाम बोल्टचं, ही वाटणीही विचारपूर्वक केलेली. वाऱ्यात, उंचीवर, थंडीत वेल्डिंगचा दर्जा राखण्यापेक्षा मोजून ताण दिलेला बोल्ट जास्त भरवशाचा.

पण पोलाद कितीही चोख असलं तरी कमान शेवटी दाबते ती डोंगराला. आणि इथला डोंगर साथ द्यायला तयार नव्हता. खडक डोलोमाइटचा, भेगांनी भरलेला, तीव्र उताराचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता सुमारे सतरा वर्षं या उतारांच्या स्थैर्यावर काम करत होत्या. त्यांनी पद्धत ठेवली ती ‘खणत जा, पाहत जा, आराखडा सुधारत जा’ अशी. खोदल्यावर आत जे निघेल ते आधीच्या अंदाजाशी जुळेलच असं नाही. भेग निघाली, पोकळी निघाली की त्या ठिकाणाचं गणित नव्याने, आणि खडकात खोलवर रोवायच्या पोलादी नांगरांची मांडणीही नव्याने. छापील आराखड्याला चिकटून राहण्याचा मोह सरकारी कामात मोठा असतो. इथे तो आवरला गेला.

वादही झाले. 2004 मध्ये कंत्राट दिलेलं काम 2008 मध्ये थांबलं, मार्गाची आखणी आणि पुलाची सुरक्षितता पुन्हा तपासली गेली आणि 2010 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. कोकण रेल्वे ज्यांनी उभी केली त्या ई. श्रीधरन यांनीच या आखणीवर आक्षेप घेतले होते. अशा प्रश्नांनी काम लांबतं, खर्च वाढतो, लोक कंटाळतात. तरीही ते विचारले गेले हे बरं झालं, असं माझं मत आहे.

आता पुन्हा अर्ध्या कमानीकडे. घळीच्या दोन्ही बाजूंना उंच मनोरे उभारून त्यांच्यामध्ये 915 मीटरचे दोर ताणले गेले. त्यांवरून धावणाऱ्या केबल क्रेनने कमानीचा एकेक भाग दरीवर नेऊन सोडायचा. तो बोल्टने आधीच्या भागाला जोडला की मागच्या बाजूला तात्पुरत्या दोरांनी ताणून धरायचा. हीच कल्पना सिडनी हार्बरच्या पुलावर 1930 मध्ये वापरली होती. तिथे प्रत्येक अर्ध्या कमानीला 128 दोरांनी मागे खेचून धरलं होतं आणि 19 ऑगस्टला ते दोर सैल करत दोन्ही टोकं एकमेकांना भेटवली. तरीही चिनाबवरचं काम सोपं झालं नव्हतं, कारण घळीतला वारा कुणाचं ऐकत नाही. पूल ताशी 266 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी आखला आहे, पण हा हिशेब पुऱ्या पुलाचा. अर्धवट बाहूसाठी निराळे हिशेब करावे लागतात, आणि तुकडा हवेत असताना वारा उठला तर काम थांबवायचं धैर्य लागतं.

वाऱ्याखेरीज ऊन आहेच. शंभर मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की सुमारे 12 मिलिमीटर वाढतं. एका बाजूवर ऊन आणि दुसरीवर सावली असेल तर बाहू नुसता लांबत नाही, वळतोही. बोल्टच्या भोकांना एवढी मुभा नसते. म्हणून अशा कामांत प्रत्येक मोजमाप तापमानासकट नोंदवावं लागतं. दोन स्वतंत्र काठांवरून, साडेतीन वर्षं, वेगवेगळ्या ऋतूंत वाढत आलेले दोन बाहू शेवटच्या तुकड्यापाशी जुळले, याचा अर्थ त्याआधीच्या प्रत्येक दिवसाची मोजणी खरी होती.

कमान जुळल्यावर एक सुंदर काम झालं. तिच्या मुख्य पेट्या आत पोकळ होत्या. त्या काँक्रीटने भरल्या. त्यामुळे वाऱ्याने होणारी थरथर कमी झाली आणि पेट्यांचा आतला पृष्ठभाग गंजण्याचा, रंगवण्याचा प्रश्नच मिटला. उभारताना हलकी, वापरताना वजनदार अशी कमान. वरची डेक दोन्ही बाजूंनी जॅकने ढकलत आणली, पानवलला केलं तसंच, पण इथे कौरीच्या बाजूचा मार्ग वळणाचा असल्याने ढकलण्याची दिशाही हळूहळू वळत जाणारी. 13 ऑगस्ट 2022 रोजी डेकही सांधली गेली. 1,315 मीटरचा पुरा पूल 6 जून 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. वाऱ्याने ताशी 90 किलोमीटरचा वेग ओलांडला की सिग्नल आपोआप लाल होतो. एखादा आधार निकामी झाला तरी गाडी कमी वेगाने पार व्हावी, असं राखीव बळही रचनेत आहे.

कटऱ्याहून श्रीनगरकडे जाणाऱ्याला चिनाबच्या आधी अंजी खड्डवरचा पूल लागतो. तोही कोकण रेल्वेच्याच देखरेखीखाली झाला. तिथेही आधी कमानच योजली होती. पण तिथल्या खडकाने कमानीचा रेटा पेलण्याची खात्री दिली नाही, तेव्हा आखलेली कमान बाजूला ठेवून एकाच 193 मीटर उंच मनोऱ्याला 96 केबलांनी टांगलेला पूल बांधला गेला. केबलांवरचा भारतीय रेल्वेचा तो पहिला पूल. पाहणाऱ्यांची गर्दी चिनाबकडे जाईल, आणि जावीच. पण गाडी अंजीवरून जाताना खिडकीबाहेर जरूर पाहावं: तयार आराखडा खडकापुढे मागे घेणं हे त्याच अभियंत्यांचं, तितक्याच तोलाचं काम आहे.